सोळावी जोडी

अजून न जन्मलेल्या उंदरांच्या अंडाशयात काय चाललेलं असतं ते बघणं, ही माझी नोकरी आहे. लोकांना सांगताना मी एवढ्या खोलात जात नाही. सुरतेच्या डिंडोलीत, जिथे मी लहानाची मोठी झाले, तिथे सगळ्यांना एवढंच ठाऊक आहे की मी लॅबमध्ये असते. तिथल्या एका काकूंनी एकदा थायरॉइडचा रिपोर्ट आणून माझ्या हातात ठेवला होता. मी तो वाचून समजावून सांगितला. ते सोपं होतं.

माझं खरं काम सांगायला थोडा वेळ लागतो. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. अंडं किंवा शुक्राणू तयार होताना या जोड्या सुटून निम्म्या व्हाव्या लागतात. सुटण्याआधी जोडीतले दोघं एकमेकांना लगटून राहतात आणि आपले तुकडे बदलून घेतात. जिथे तुकडा बदलला जातो तिथे एक गाठ पडते. पुढे वेगळं व्हायची वेळ येईपर्यंत त्या गाठीनंच जोडी धरून ठेवलेली असते. गाठ पडलीच नाही किंवा अगदी टोकाला पडली, तर जोडी वेळेआधी सैल होते आणि मग कोण कुठल्या बाजूला जाईल याचा भरवसा राहत नाही. पुरुषांत हे काम वयात आल्यावर सुरू होतं आणि म्हातारपणापर्यंत चालतं. बाईचं मात्र सगळं तिच्या जन्माआधीच उरकलेलं असतं. ती आईच्या पोटात असतानाच तिच्या अंड्यांतल्या गाठी पडून जातात आणि मग ती अंडी तशीच थांबून राहतात. काही पंधरा वर्षं, काही चाळीस.

हे मी कॉलेजात शिकले, नंतर काही वर्षं कॉलेजात शिकवलं, आणि शेवटी यावरच संशोधन करायला सुरतेतल्या एका संस्थेत लागले. तिथे आमच्या मॅडमनी बऱ्याच खटपटीनं एक नवा मायक्रोस्कोप आणवला होता. साध्या मायक्रोस्कोपखाली लगटलेली जोडी ही एक जाडसर हिरवी रेघ दिसते. दोन धागे इतके जवळ असतात की साध्या उजेडाला ते वेगळे करता येत नाहीत. हा नवा मायक्रोस्कोप त्यांच्यावर पट्ट्यापट्ट्यांचा प्रकाश टाकतो, पट्टे फिरवत फिरवत पुष्कळ फोटो काढतो आणि संगणक त्या सगळ्यांतून एक चित्र जुळवतो. मग त्या एका रेघेच्या दोन होतात, एकमेकींना पीळ घातलेल्या. आणि त्यांच्या मधोमध, जिथे गाठ पडणार असते तिथे, लाल ठिपका. हे ठिपके जोडीवर कुठे पडतात, टोकाला की मध्ये, एक की दोन, आणि कुठल्या जोडीवर पडायचेच राहतात, हे बघत मी दिवस काढायचे.

त्या वर्षी आमच्या इमारतीच्या मागच्या रस्त्यावर मेट्रोच्या खांबांचं काम चालू होतं. मायक्रोस्कोपचं टेबल हवेच्या उशांवर तरंगतं, तरीही खाली भोकं पाडायचं यंत्र सुरू झालं की चित्र थरथरायचं आणि दोन रेघांची पुन्हा एक व्हायची. म्हणून मी बाहेरचे मजूर जेवायला बसले की फोटो काढायला बसायचे. त्यांची सुट्टी तीच माझी कामाची वेळ.

अशाच एका दुपारी मला रक्त गेलं. तिसरा महिना लागला होता. ही माझी तिसरी खेप होती. आधीच्या दोन्ही अशाच वेळी संपल्या होत्या. मांडीला ओल जाणवली आणि मला कळलं. फोटो अर्धा झाला होता. मी तो पूर्ण होऊ दिला, सेव्ह केला, लेझर बंद केला आणि मग उठले. आता मागे वळून बघताना मला स्वतःचंच हे वागणं जरा विचित्र वाटतं, पण तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. बाथरूममधून आल्यावर मॅडमच्या केबिनच्या दाराशी उभं राहून मी म्हणाले, "मॅडम, मला दवाखान्यात जावं लागेल."

मॅडम गुजराती, माझ्याहून वयानं मोठ्या. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बेन, तमे बेसो," म्हणाल्या, आणि स्वतः गाडीची किल्ली शोधायला लागल्या.

नवऱ्याला कळवता आलं नाही. तो हजीऱ्याच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनियर आहे आणि आत जाताना त्यांना फोन गेटवर जमा करावा लागतो. तो आला तेव्हा माझं सगळं झालं होतं. सोनोग्राफीत डॉक्टरांनी पडदा हलकेच स्वतःकडे वळवून घेतला होता. मी रोज पडदे बघते, मला त्यावरून समजलं. "ठोका दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. "क्युरेटिंग करावं लागेल. आणि या वेळी आपण तपासायला पाठवू. दोघांचं रक्तही घेऊ. तीन वेळा झालं म्हणजे कारण शोधायला हवं."

मी म्हणाले, "हो, पाठवा."

तपासणीची डबी त्या दिवशी कुरिअरवाला घ्यायला येणार होता तो आलाच नाही, म्हणून नवरा स्वतः मोटरसायकलवरून रिंग रोडवरच्या केंद्रावर देऊन आला. बर्फाची पिशवी, तिच्यात डबी, आणि ते सगळं त्याच्या जेवणाच्या डब्याच्या थैलीत. परत आल्यावर त्यानं थैली धुऊन बाल्कनीत वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी डिंडोलीहून आई आली. वडील गेल्यापासून ती भावाकडे असते. वडील लूमच्या कारखान्यात होते. ते दोघं अमळनेरकडचं गाव सोडून सुरतेला आले तेव्हा त्यांच्याकडे काय होतं आणि काय नव्हतं हे मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते माझंच आठवल्यासारखं वाटतं. आई चार इयत्ता शिकलेली, घरात अहिराणीच बोलते. मी तिला मराठीत उत्तर देते, लहानपणापासून आमचं असंच. तिनं येताना डिंकाचे लाडू करून आणले होते. बाळंतिणीला देतात तेच.

"आई, हे कशाला?" मी म्हणाले. "बाळंतपण कुठे झालंय?"

"हाई बी बाळंतपणच शे," ती म्हणाली. "आंग तर तेच शे ना. खाई ले."

मी खाल्ला. ती रोज एक द्यायची आणि मी रोज खायचे. ती माझ्या डोक्याला तेल लावायची, कळण्याची भाकरी करायची, दुपारी माझ्या शेजारी आडवी पडून टीव्हीवर गुजराती मालिका आवाज बंद करून बघायची. मला रडू येत नव्हतं. ती माझ्या रडण्याची वाट बघतेय हे मला कळत होतं आणि तिच्यासाठी तरी थोडं रडावं असंही वाटायचं, पण काही आलं नाही. मी एका बाजूला पडून भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे बघत राहायचे. दुःख झालं आहे हे माहीत होतं, म्हणजे एखाद्या गावाचं नाव माहीत असावं तसं. तिथे जाणं होत नव्हतं.

तपासणीचा निकाल डॉक्टरांनी फोनवर सांगितला. आमच्या दोघांच्या रक्तात काही निघालं नव्हतं; गर्भात मात्र सोळावी गुणसूत्रं दोनऐवजी तीन होती. जास्तीचं माझ्याकडून आलं होतं, म्हणजे अंड्यातून. "हे सगळ्यात जास्त दिसणारं आहे," त्या म्हणाल्या, "यात कुणाची चूक नसते. बॅड लक म्हणायचं." मागे कुणीतरी पेशंट बोलत होतं. मी "थँक यू" म्हणून फोन ठेवला. मला सोळाव्या जोडीबद्दल डॉक्टरांपेक्षा थोडं जास्त माहीत होतं. गाठ टोकाकडे सरकलेली असली तर ही जोडी सैल होते, असं मी माझ्याच प्रबंधात कुणाकुणाचे दाखले देऊन लिहिलं होतं. तो परिच्छेद मला जवळपास पाठ होता. एखादा नमुना आल्यावर मनात जशी जुळवाजुळव सुरू होते तशी सुरू झाली, आणि नमुना कुणाचा आहे हे लक्षात येऊनही ती थांबली नाही.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. तो दारातल्या स्टुलावर बसून सेफ्टी शूज काढत होता तेव्हा मी त्याला सांगितलं. आईसमोर मी त्याला अहो म्हणते, आम्ही दोघंच असलो की तू. आई आत स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती, पण मी हळू बोलत होते म्हणून तूच म्हटलं.

"मला नीट समजावून सांग," तो म्हणाला. "डॉक्टरांसारखं नको."

मी त्याच्या बुटाच्या दोन्ही नाड्या घेतल्या. त्या शेजारी शेजारी धरल्या, मध्यावर एक गाठ मारली आणि दोन्ही टोकं त्याच्या हातात दिली. "ओढ." त्यानं ओढलं. नाड्या ताणून राहिल्या. "आता अशा ताणलेल्या असल्या की पेशीला कळतं, एक इकडची, एक तिकडची." मग मी ती गाठ सोडवून अगदी टोकाला मारली. "आता ओढ." या वेळी गाठ निसटली आणि एक नाडी खाली पडली.

तो खाली पडलेल्या नाडीकडे बघत म्हणाला, "हे आत्ता झालं?"

"अर्धं आत्ता. गाठ पडली ती तेव्हाच. सुटली ती आत्ता."

"तेव्हा म्हणजे कधी?"

"माझ्या जन्माआधी. मी आईच्या पोटात होते तेव्हा."

आत भाकरी थापण्याचा आवाज चालू होता तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला. नवऱ्यानं नाडी उचलली आणि बुटात ओवायला लागला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण त्यानं पाणी मागितलं.

आईनं दुसऱ्या दिवशी विचारलं. मी गॅलरीत बसले होते. ती माझ्या पाठीमागे उभी राहून केस विंचरत होती, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता.

"तू पोटमा व्हती तवय," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं एका सुरात सांगत गेली. तेव्हा ती घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम घ्यायची. खोली एकच, खिडकी नव्हती, आणि गोंदाचा वास इतका उग्र की संध्याकाळी डोकं धरायचं. पाचव्या महिन्यात तिला ताप आला होता. वडिलांनी कुठल्याशा कंपाउंडरकडून गोळ्या आणल्या, त्या कसल्या होत्या ते तिला माहीत नाही, लाल होत्या. तिनं त्या घेतल्या. "त्या वासमुळे व्हयनं का मंग? का त्या गोया खाध्या म्हनून?"

मी म्हणाले, "नाही आई."

"तुले कसं माहीत?"

हा प्रश्न बरोबर होता. मी जरा विचार करून उत्तर दिलं, कारण तिला खोटं सांगायचं नव्हतं. "आम्ही हेच बघतो ना. चांगल्या धडधाकट उंदरीच्या पोटातल्या पिल्लांमध्येही काही गाठी अशा भलत्या जागी पडतात. त्यांना ना गोंद, ना ताप, ना गोळी. थोड्या चुकतातच. सगळ्यांच्याच चुकतात. आणि नुसती गाठ टोकाला असून भागत नाही, ती सुटायला बरीच वर्षंही जावी लागतात. तेवढी वर्षं मी घालवली. आधी पीएच.डी., मग नोकरी. त्यात तुझं काही नाही."

"तू सोता दखेल शे का? डोयानी?"

"हो. रोज बघते."

तिनं वेणीचा शेवटचा पेड घातला आणि रबर लावलं. "मंग माले दखाड," म्हणाली.

मी लगेच तिला नेलं नाही. आधी मलाच परत जायचं होतं. रजा संपल्यावर पहिल्या दिवशी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. एक गाभण उंदरी त्या आठवड्यात तयार होणार होती. पिल्लं जन्मायच्या एक-दोन दिवस आधीच अंडाशयं काढावी लागतात, नाहीतर ठिपके दिसत नाहीत. उंदरीला मारायचं, पिल्लं बाहेर काढायची, त्यांतल्या माद्या ओळखायच्या आणि मग प्रत्येकीची दोन अंडाशयं, खसखशीच्या दाण्याहून थोडी मोठी. हे काम पाच वर्षं मीच करत आले होते.

"या वेळी दुसऱ्या कुणाला सांगते," मॅडम हिंदीत म्हणाल्या. "तू फक्त इमेजिंग कर."

"चालेल मला," मी म्हणाले. "मी करते."

"पक्कं?"

"हो."

आणि मला खरंच चाललं. त्या दिवशी माझे हात नेहमीसारखेच चालले. मला वाटलं होतं, काहीतरी होईल, निदान हात थांबतील. मी पिल्लं बर्फावर ओळीनं ठेवली, साध्या मायक्रोस्कोपखाली त्यांची पोटं उघडली, अंडाशयं थेंबात घेतली, सुईनं फाडली, पेशी काचेवर पसरल्या आणि काचा ओला कागद घातलेल्या डब्यात सावकाश सुकायला ठेवल्या. हात धुतले. डबा खाल्ला. डबा खाताना माझ्या मनात आलं की मी बहुतेक आतून कुठेतरी बंद पडले आहे, आणि हा विचारही मला एखाद्या निरीक्षणासारखाच आला. मॅडम काचेतून मधून मधून बघत होत्या. संध्याकाळी निघताना त्या म्हणाल्या, "सरस थयुं छे." काम चांगलं झालं आहे. मी मान हलवली.

त्या काचा रंगवून झाल्या तेव्हा मी आईला घेऊन आले. ती लग्नाला नेसते ती साडी नेसली होती. मायक्रोस्कोपच्या खोलीबाहेर आमच्या वेगळ्या चपला असतात, त्या तिला मोठ्या झाल्या. तिनं त्या काढून ठेवल्या आणि अनवाणीच आत आली. खोली थंड आणि अंधारी. तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"मासी, आवो," म्हणत मॅडमनी तिला स्वतःची खुर्ची दिली आणि आम्हाला एकटं सोडून त्या बाहेर गेल्या.

बाहेर भोकं पाडायचं यंत्र बंद होतं. मी पडद्यावर एक चांगली पेशी आणली. काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या पिळाच्या रेघा, वेड्यावाकड्या पसरलेल्या, आणि प्रत्येकीवर कुठे ना कुठे लाल ठिपका.

"हे जोडीतले दोघं," मी बोट ठेवून दाखवलं. "हा पीळ दिसतो ना? आणि हा लाल, ती गाठ."

ती पुढे वाकली. "हाई एकमेकले धरी ठेवस," मग म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"हो."

"कोन्हं शे हाई?"

"उंदरीच्या पिल्लाचं. पोटातल्या."

मी दुसरी पेशी लावली. ही त्याच पिल्लाची होती. तिच्यात बहुतेक रेघांवर ठिपके होते, एका छोट्या रेघेवर मात्र ठिपका अगदी टोकाला, पडता पडता राहिल्यासारखा. आणि तिच्या शेजारच्या रेघेवर एकही नव्हता. आई एकेका रेघेवरून बोट फिरवत गेली आणि त्या रेघेपाशी थांबली.

"आठे नही."

"नाही. तिथे नाही पडली."

"मंग तिन्ही मायनी काय करेल व्हतं?"

"काही नाही. पिंजऱ्यात होती. दाणे खायची, पाणी प्यायची. बाकी काही नाही."

आई पडद्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा हिरवट उजेडात दिसत होता आणि मला त्यावरून काही ओळखता आलं नाही. तिला पटलं की नाही, बरं वाटलं की नाही, मी विचारलं नाही. थोड्या वेळानं बाहेरचं यंत्र सुरू झालं आणि रेघा थरथरायला लागल्या. ती उठली. जिन्यात आल्यावर म्हणाली, "माले भूक लागनी." आम्ही कँटीनमध्ये गेलो. तिनं दोन वेळा खमण घेतलं.

त्या आठवड्यात ती डिंडोलीला परत गेली. गोंदाचं आणि गोळ्यांचं तिनं माझ्यापाशी पुन्हा काढलं नाही.

डॉक्टरांनी पुढचा रस्ता सुचवला होता. अंडी बाहेर काढायची, गर्भ बाहेर तयार करायचे, ते तपासायचे आणि ज्याच्यात जोड्या नीट आहेत तोच आत ठेवायचा. आम्ही एकदा तसं केलं. पोटात रोज सुया. मी स्वतःच टोचून घ्यायचे, ते मला जमतं. अंडी थोडीच निघाली. गर्भ त्याहून थोडे झाले. एकही नीट नव्हता. या वेळी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं आणि म्हणाल्या, "पुन्हा प्रयत्न करू शकतो. किंवा दुसऱ्या बाईची अंडी वापरायचा विचार करा. घाई नाही."

दवाखान्याबाहेर आल्यावर नवरा गाडी काढायला गेला नाही. तो पार्किंगच्या कठड्यावर बसला आणि मलाही बस म्हणाला. समोर एक बाई साड्यांचे गठ्ठे हातगाडीवर चढवत होती.

"तुला एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "त्या दिवशी मी ती डबी घेऊन गेलो ना, तेव्हा सरळ गेलो नाही. मजुरा गेटजवळ थांबलो. थैली मांडीवर घेऊन बसलो. मला ती द्यायची नव्हती. आत बघावंसंही वाटत नव्हतं, पण द्यायची नव्हती. मग बर्फ वितळेल म्हणून गेलो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काही बोलत नव्हतीस. मला वाटलं, तुला शास्त्रातलं कळतं, तुझं तू समजून घेतलं असशील. मी सांगितलं असतं तर मीच वेडा दिसलो असतो."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते. माझे नव्हते, पण मी हात काढला नाही, आणि मला ते बरोबर वाटलं. दोघांपैकी एकाचे भरले तरी पुरे होतं.

"मला आता नको," थोड्या वेळानं तो म्हणाला. "सुया नको, डब्या नको. तुला हवं असेल तर मी आहे. पण मला विचारशील तर नको."

मी शोधलं, मला हवं आहे का. पूर्वी ते लगेच सापडायचं. आता आत हात घातला तर काही लागत नव्हतं, होही नाही आणि नाहीही नाही. मी त्याला तसंच सांगितलं. तो म्हणाला, "मग थांबू या." आम्ही थांबलो. पुन्हा दवाखान्यात गेलो नाही. असा काही निर्णय घेतला असं म्हणता येत नाही. आम्ही तिकडे गेलो नाही, एवढंच.

कामावर आमचं संशोधन छापून आलं. टोकाला पडलेल्या ठिपक्यांच्या जागी दोन धाग्यांचा पीळ कसा सैल असतो, हे आम्हाला नव्या मायक्रोस्कोपमुळे दाखवता आलं होतं. मॅडमनी सगळ्यांना घारी, ही सुरती मिठाई, वाटली. माझ्या टेबलावर त्यांनी दोन ठेवल्या. शहरातल्या डॉक्टरांच्या एका सभेत मला ते मांडायला बोलावलं होतं. तिथे मी नीट बोलले. माझ्या डॉक्टर तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. नंतर चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या. "मला माहीत नव्हतं तुम्ही यावर काम करता," म्हणाल्या. "फोनवर मी तुम्हाला बॅड लक म्हणाले."

"बरोबरच होतं ते," मी म्हणाले. "आमच्याकडे त्याला लांब नाव आहे, इतकंच." त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात जरा वेळ धरून ठेवला आणि मग त्यांना कुणीतरी बोलावलं.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी डिंडोलीला गेले होते. भाऊ आणि वहिनी बाजारात गेले होते. मी आतल्या खोलीत गादीवर पडले होते, आई ओट्यावर शेजारच्या बाईशी बोलत बसली होती. शेजारीण म्हणजे धुळ्याकडची, तिच्या मुलाचं दोन वर्षांपूर्वी लग्न झालंय. तिच्या सुनेचं नुकतंच असंच गेलं होतं. शेजारीण सांगत होती की सून ऐकत नाही, जड उचलते, पपई खाल्ली असेल, मोबाइल पोटावर ठेवून झोपते.

आई बराच वेळ हूं हूं करत होती. मग म्हणाली, "सूनले काही बोलू नको, बाई. तिन्हा हातमा नही ते. कोन्हाच हातमा नही."

"तुम्हाला काय माहीत?" शेजारीण म्हणाली.

"माले माहीत शे," आई म्हणाली. "मी दखेल शे."

काय दखेल शे, हे तिनं विचारलं नाही आणि आईनंही सांगितलं नाही. थोड्या वेळानं आई म्हणाली की सुनेला उद्या इकडे पाठव, मी तिच्या डोक्याला तेल लावते. शेजारीण बरं म्हणाली. मग दोघी कांद्याच्या भावावर बोलायला लागल्या.

मी आत पडून हे ऐकत होते. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. छातीत जरासं काहीतरी हललं, बाळंतपणात दुखायला लागतं ना, तसं नव्हे, ते मला माहीत नाही. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पायाला मुंग्या येतात, तसं काहीतरी. मग तेही गेलं. बाहेरून आईनं हाक मारून चहा ठेवू का विचारलं. मी म्हणाले, ठेव, अर्धा कप.